मळहात

आधी पाणी विकतचं घ्यायचो, बाटलीतलं.
हिप्परगे सर म्हणाले, बोअरचंच घ्या,
उदगीरचं आभाळ उदगीरच्या पाण्यात विरघळू द्या.
तेव्हापासून बोअरचं. वाळलं की निळ्यावर
क्षाराचे पांढरे ठिपके उठतात,
हंड्याच्या बुडाला उठतात तसे.
सर त्याला चूक म्हणत नाहीत.
"बगळे समजा," म्हणतात, "लांबचे."

रंग कालवायला चिनी मातीचा इन्सुलेटर,
अकरा केव्हीचा, कडेला टवका उडालेला.
स्टोअरात जमा करायचा राहिला तो राहिलाच.
वरच्या वाटीत अल्ट्रामरीन, खालच्या वळीत करडा.
फळीखाली एका बाजूनं अर्धी वीट,
म्हणजे रंग आपल्या पायानं उतरतो.

चैत्रात इथली हवा अशी,
की ब्रश क्षितिजाला पोचेपर्यंत
वरचं वाळून मोकळं.
मधोमध पट्टा उमटतो धोतराच्या काठासारखा.
म्हणून पहाटे पाचला बसतो,
कागद दोन्हीकडून भिजवून.
महानंदा चहा ठेवते, विचारते,
आज कितवं?
त्रेसष्टावं.

पहिल्या तिसांत तारा होत्या.
नको म्हटलं तरी हात जायचा,
ढग वाळायच्या आत तीन बारीक रेघा,
झोलसुद्धा हिशेबात बसणारा.
सव्वीस वर्षं वर बघितलं ते एवढ्यासाठीच:
कुठं ठिणगी, कुठं फांदी,
कुठं चिकटून मेलेलं वटवाघूळ.
सर म्हणाले, तुम्ही लाईन काढताय हो,
आभाळ कुठंय?

आभाळ एकदाच बघितलं.
हंडरगुळीच्या शिवारात, परमिट हातात असताना
कुणीतरी फीडर चालू केला
आणि मी पोलावरून खाली,
हरभरा काढलेल्या ढेकळांत, उताणा.
खाजामियाँ गाडी आणायला पळाला.
तेवढा वेळ वर काहीच नव्हतं.
निळं म्हणावं तर निळं नाही,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याला असतो तो रंग,
कडेला किंचित पिवळट,
आणि एक ढग, सुटा.
दुखत होतं का, डॉक्टरांनी विचारलं.
आठवत नाही. ढग डावीकडं सरकत होता.

आता पाय आखूड पडतो. ऑफिसात बसतो,
तक्रारींचे फोन घेतो.
लाईट कधी येईल? येईल.
आणि पहाटे तो रंग शोधतो.
सेरुलियन फार गोड. कोबाल्ट महाग, आणि तरी तो नाही.
एकदा बर्न्ट सिएनाचा थेंब चुकून पडला,
बोटभर जागा अगदी तशी झाली.
नीट करायला गेलो, चिखल झाला.
त्याच्या पाठीवर आता दुधाचा हिशेब आहे.

सर म्हणतात, ढग काढायचा नसतो,
तेवढा कागद सोडून द्यायचा.
सोडून देणं मला येत नाही.
तुटलेलं दिसलं की जोडायचं, हीच नोकरी केली.

आज वारा नव्हता, ओल टिकली.
रंग थांबत थांबत खाली आला,
मधे ढगाएवढं कोरं राहिलं.
मी ब्रश खाली ठेवला, हातांची घडी घातली.
आणि लाईट गेली.
नळेगाव फीडर असणार.
आधी फॅन हळू होतो, मग बल्ब, तो तसाच जातो.

वाळलं का, दिसत नाही.
सरांनी सांगितलंय, बोटं लावू नका, तेलकट डाग राहतो,
मळहात टेकवा. गार लागलं तर ओलं.
हे मला माहीत होतं.
नियमात बसत नाही, पण जुने वायरमन शिकवायचे:
तारेला हात लावायचाच झाला तर मळहात.
आत काही असलंच तर
मूठ मिटत नाही तारेवर.

अंधारात कागदाची कड चाचपली,
हात पालथा केला,
टेकवला.

गार आहे अजून.